मागच्या ओळीतला रांजण

“या गावात तीनशे वर्षांत काडीचाही बदल झालेला नाही!” सोलमे गावाच्या जतन समितीचे अध्यक्ष मेंग यांनी कर्ण्यातून जाहीर केलं. पर्यटक भारावले. कर्णा कलिंगडवाल्याकडून उसना आणलेला होता. अध्यक्षांनी बटणावरचं बोट काढताच तो आपल्या मूळ आवाजात म्हणाला, “फिकं निघालं तर बदलून देऊ.”

बारा वर्षांची दन्बी हसली नाही. सुट्टीत मोठ्या काकूंकडे आलेल्या दन्बीचं लक्ष त्यांच्या परसातल्या रांजणांकडे होतं.

“ग्यूहो, मागच्या ओळीतला छोटा रांजण चकाकतोय.”

“मग? धुतला असेल,” धाकटा भाऊ म्हणाला.

“तो कधीच कुणी धुवत नाही, गाढवा.”

पुढचे सगळे रांजण समितीने फोटोपुरते आणून ठेवलेले, रिकामे. भरलेला हा एकच. त्यात घराण्याचा जुना सोया सॉस होता, काळाकुट्ट, तळाशी मिठाचे खडे साचलेला. दर वर्षी त्यात थोडा नवा ओतायचा आणि विरजणासारखा जुना पुढे चालवायचा, अशी रीत. थोरल्या सुनेनं तो सांभाळायचा आणि पितरांच्या नैवेद्याला पळीभर काढायचा. पितरांचा दिवस उद्यावर आला होता. काकू गुडघ्याचं ऑपरेशन करून महिन्याभराने कालच परतल्या होत्या. परसात अजून उतरल्या नव्हत्या.

दन्बीनं झाकण उचललं. आत लख्ख आणि कोरडं. लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

“आटलं असेल,” मागून डोकावत अध्यक्ष म्हणाले. “यंदा ऊन फार.”

“काका, महिनाभर पाऊसच होता की,” ग्यूहो म्हणाला.

“मग वाहून गेलं असेल.”

“झाकणाखालून?”

अध्यक्षांना अचानक पर्यटकांची आठवण झाली.

टोळी कामाला लागली. टोळीत ही दोघं आणि शेजारचा कुत्रा. पण कुत्रा सावली सोडायला तयार नव्हता. पावसानं सगळं परस हिरवंगार झालं होतं. फक्त गटाराच्या कडेनं गवताचा एक पट्टा करपून पिवळा पडला होता. ग्यूहोनं तिथली माती बोटावर घेतली आणि चाटली.

“खारट!”

“चाटायला कुणी सांगितलं होतं?”

“तूच म्हणालीस, पुरावा नीट तपास.”

दुपारी दोघांनी अध्यक्षांना जवाचा थंड चहा दिला आणि ओसरीवर बसवलं, पाठ काकूंच्या खोलीच्या दाराला येईल अशी. चौकटीवर कागद ताणलेल्या सरकत्या दाराचा एक दोष असतो. ते बंद असलं तरी ऐकतं.

“काका, रांजण इतका चमकतो कसा?” दन्बीनं भोळेपणानं विचारलं. “शाळेच्या प्रकल्पात तुमचंच नाव घालणार आहे.”

अध्यक्ष विरघळले. “स्वतः घासलाय, बाळ. आत नुसतं डांबर होतं. फोटोस्पर्धेची माणसं यायची, आणि तो वास! दिलं गटारात ओतून. मग साबण लावून आतून-बाहेरून...”

मागचं दार सरकलं.

सापळा ठरवल्यासारखाच बसला होता. काकूंचा चेहरा कसा होईल, एवढंच ठरवायचं राहून गेलं होतं.

अध्यक्षांनी कपाळ जमिनीला टेकवलं. “चुकलो, वहिनी. मी रांजण पुन्हा भरून...”

“मातीनं साबण प्यायलाय. आता त्यात पाणीसुद्धा ठेवता यायचं नाही,” काकू म्हणाल्या. “उठा. गुडघे जपा. माझे बघताय ना?”

ते गेल्यावर काकूंनी मुलांना जवळ बसवलं. “शोध छान लावलात. तुमच्या आजोबांनी पाठ थोपटली असती.”

एरवी दन्बी या शाबासकीवर महिनाभर जगली असती.

“काकू, मागच्या वर्षी तुम्ही आम्हाला त्यातली बाटली भरून दिली होती. गाडीत वास सुटेल म्हणून मी ती इथंच ओसरीवर ठेवून गेले. ती... असेल ना?”

“ती मी त्याच संध्याकाळी परत रांजणात ओतली. वाया जायला नको म्हणून.”

दन्बी करपलेल्या गवताकडे बघत राहिली. रस्त्यावर कर्णा कलिंगडाची हमी देत होता.

काकूंनी बटव्यातून नोट काढली.

“ग्यूहो, दुकानातून सोया सॉसची बाटली घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “छोटीच आण.”