अर्धी रीत

आमच्या यशोला घाई कसली ती ठाऊक नाही. चहा पुढ्यात आला तर त्यावर साय धरेपर्यंत गप्पा मारत बसणारी ती बाई. बाळंत मात्र अशी झाली की बघणाऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळू नये.

शनिवार होता. मी निपाणीत पीयू कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते. शनिवारचं अर्धा दिवस कॉलेज उरकून घरी आले, तर माझी भावजय यशोधरा उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती आणि आई तिला ‘वाकू नको, पाय पसर’ असं सारखं बजावत होती. तारखेला अजून दीड महिना होता. माझा भाऊ बुद्धप्रिय बेंगळुरूला कंपनीत. सगळं टाइमटेबलप्रमाणे चाललं होतं आणि मला टाइमटेबल आवडतं.

यशोनं हातातली पाकळी परातीत टाकली. "वन्सं, पाणी गेलं."

"थांब, मोटर चालू करते."

"तसलं न्हाय ओ," ती म्हणाली, आणि मी खाली बघितलं.

कोल्हापूर जवळ पडलं असतं. पण यशोची डॉक्टर बेळगावची आणि ह्या खेपेला ती दुसऱ्या कुणाच्या हाताला तयार नव्हती. त्याला कारण होतं. आधीची दोन बाळं गेली होती, पहिलं पोटातच, दुसरं एका दिवसाचं होऊन. हे तिसरंही गेलं तर यशो पुन्हा उभी राहणार नाही, हे आई आणि मी एकमेकींना कधी बोललो नव्हतो, पण दोघींनाही पक्कं माहीत होतं.

मी गाडी बाहेर काढली. आयुष्यात कधी बेफाम गाडी हाकली नाही. मुलांना जडत्वाचे नियम शिकवणाऱ्या बाईला ते शोभतही नाही. त्या दिवशी तवंदी घाटात मी उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, एसटी, जे पुढं आलं ते मागं टाकलं. मागच्या सीटवरून आई ओरडत होती, "हळू चालीव गं मैत्रे!" आणि लगेच, "अगं पळीव की गं, काय झोपलीयास व्हय!"

संकेश्वरच्या अलीकडं यशो एवढंच म्हणाली, "आलं."

मी गाडी कडेला घेऊन मागचं दार उघडेपर्यंत ते आलंही होतं. आईच्या दोन्ही हातांत, निळसर, ओलं आणि अगदी गप्प. आईनं त्याच्या तोंडात बोट घालून ते साफ केलं, पालथं धरून पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. गाड्या सूं सूं जात होत्या. मी काहीच करत नव्हते, नुसती दाराला धरून उभी होते. मग ते मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात कुरकुरलं आणि आम्ही तिघीही एकदम रडायला आणि हसायला लागलो. "पोरगा हाय!" आई हायवेला ऐकू जाईल अशी ओरडली. फोनवर बुद्धप्रियला बोलता येईना, तो नुसता "व्हय? व्हय?" करत होता. एकशेआठची गाडी आली, तिच्यातल्या सिस्टरनं नाळ कापली, आणि मी सायरनच्या मागोमाग बेळगाव गाठलं.

इतक्या आनंदात मी कधीच नव्हते. वर्गातली पोरं मला दगड म्हणतात, त्यांनी मला तेव्हा बघायला हवं होतं.

हॉस्पिटलात पोचल्यावर मात्र सगळ्याची चव गेली. बाळाची फुप्फुसं कच्ची होती. त्याला तळमजल्यावरच्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत ठेवलं. यशोचं फार रक्त गेलं होतं. तिला वरच्या मजल्यावर नेऊन बाटल्या लावल्या, उठायची सक्त मनाई. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजचा दिवस आणि उद्याचा. मग बघू." मी काचेला नाक लावून मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघत राहिले. तो उतरत होता. थोडा चढायचा, पुन्हा उतरायचा.

आई कुठं गेली म्हणून मागं वळले, तर ती व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एका बाईजवळ बसली होती. बाई चाळिशीची असेल. हिरवं इरकल, अनवाणी पाय, नुकतीच न्हाल्यासारखे ओले मोकळे केस. चोळी पुढून दुधानं भिजली होती. आत तिचं बाळ असणार, असं मला वाटलं. तिच्या मांडीवर आमच्या बाळाचं दुपटं होतं, गाडीत गुंडाळलेलं, न धुतलेलं. आणि आईच्या पदरात मूठभर जोंधळे होते.

"आई, हे काय चाललंय?"

आईनं मान खाली घातली. ते बघूनच माझं डोकं फिरलं. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा-धुपारा नाही. तंबाखूच्या वखारीत बारा गावच्या बायकांना गोळा करून बाबासाहेबांची भाषणं वाचून घेणारी ही माझी आई. मूल जगत नसेल तर ते परक्या बाईच्या ओटीत टाकायचं, तिनं मूठभर जोंधळे देऊन ते घ्यायचं, म्हणजे ते आपलं राहत नाही आणि आपल्या नशिबानं मरत नाही, ही रीत मला पुस्तकातून माहीत होती. आईला ती हातानं करता येते हे माहीत नव्हतं.

"लाज वाटते का जराशी तरी?" मी दात आवळून म्हटलं.

"वाटती की," आई म्हणाली. "खरं आता दोन गेली. लाजंला काय चाटायचं हाय?"

मी त्या बाईकडं वळले. उगाच परक्या माणसाला ह्यात ओढलं म्हणून माफी मागावी, असं मनात होतं. "तुमचं बाळ आत आहे का?"

तिनं दुपटं घडी करून छातीशी धरलं. "आता हाय," ती म्हणाली.

मी आईला दंडाला धरून उठवलं. हॉस्पिटलात जोंधळे घेऊन कोण बसतं, हा प्रश्न मला फार नंतर सुचला.

आम्ही काचेशी परतलो तेव्हा आकडा चढत होता. मी बघत राहिले. तो पुन्हा खाली आला नाही. डॉक्टरबाई आल्या, बाळाच्या छातीवर यंत्र लावून ऐकलं आणि पहिल्यांदा हसल्या. "पोरगं चिवट आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी नाकातली नळी बदलली, मग काढलीच. बुद्धप्रिय बेंगळुरूहून येऊन थडकला तो बेळगावच्या बाजारातून खव्याचा कुंदा घेऊनच, आणि वॉचमनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटत सुटला. आई माझ्याकडं बघून भुवई उडवत होती. मी म्हटलं, औषधाचा गुण आहे, फुकटची मिजास करू नकोस. पण खरं सांगायचं तर श्रेय कुणाला द्यायचं ह्याचं मला काही पडलं नव्हतं. पोर जगत होतं. मी व्हरांड्यात चक्क गाणं गुणगुणत होते.

आतल्या मंगल सिस्टर चिक्कोडीच्या, बोलायला मोकळ्या. त्या दिवशी दुपारी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळाच्या आईला शाबासकी द्या रीं. छातीवर घेऊन किती वेळ बसती! त्यानंच उठलं बघा लेकरू."

"कांगारू पद्धत ना," मी शिकवण्याच्या सुरात म्हटलं. "त्वचेची ऊब मिळते." आणि मग थांबले. "सिस्टर, बाळाची आई वर आहे. ती अजून पलंगावरून उतरलेली नाही."

"छे हो. आत्ता होती की. केस ओले सोडून बसली म्हणून मी रागावले पण, ताप येईल म्हणून."

"आत सोडलं कुणी तिला?"

सिस्टर आठवायला लागल्या. "मी आत गेले तेव्हा बसलीच होती," त्या सावकाश म्हणाल्या.

मी आवाज चढवला. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कुणीही बाई उठून दुसऱ्याचं मूल छातीशी धरते म्हणजे काय! वॉचमनला बोलावलं. तो शपथेवर सांगत होता की सिस्टर आणि डॉक्टर सोडून दारातून कुणी गेलं नाही. बाकावरची बाई कुठल्या बाळाची आई, तेही कुणाला सांगता येईना. तेव्हा मी स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले. आत जायला दुसरी वाट नव्हती. ऊन व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकलं आणि मी पापणी हलवली नाही.

सिस्टर सोडल्या तर कुणीही आत गेलं नाही.

मग मी उठून काचेतून बघितलं. आमची पेटी रिकामी होती. मंगल सिस्टर खिडकीजवळच्या खुर्चीपुढं उभ्या राहून मान हलवत कुणाशी तरी बोलत होत्या. खुर्ची त्यांच्या आड होती. मी काच ठोठावली. त्या वळल्या, वाकल्या, बाळ उचललं आणि पेटीत ठेवलं. खुर्चीत कुणी नव्हतं.

आकडा इतका सुंदर होता की मी वॉचमनला पुन्हा हाक मारली नाही.

यशोला उठायची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही तिला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. तिनं हात पुढं केले ते मी कधी विसरणार नाही. बाळाला तिच्या छातीवर ठेवलं आणि ते आखडलं. तोंड वळवलं. मॉनिटर ओरडायला लागला. सिस्टरनी त्याला उचलून पेटीत ठेवलं आणि ओरडणं थांबलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सवय होईल. पुढचे काही दिवस तेच होत राहिलं. वाटी-चमच्यानं यशोचं दूध ते पीत होतं, वजन धरत होतं, तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या. फक्त सख्ख्या आईच्या अंगावर ते टिकत नव्हतं.

"वन्सं," यशो एकदा म्हणाली, "ह्याच्या टाळूला शिकेकाईचा वास येतोय. हितं कोण न्हातंय शिकेकाईनं?"

आईनं तेव्हा तिला सगळं सांगितलं. मला वाटलं यशो रागावेल. तिनं फक्त विचारलं, "परत कसं मागायचं, आत्ती?"

आई रडायला लागली.

तिला माहीत नव्हतं. लहानपणी तिच्या आजीनं तिच्या धाकट्या भावाला असंच टाकलं होतं, ते तिनं दाराआडून बघितलं होतं. देणं बघितलं. मग तिला कुणीतरी पाणी आणायला पिटाळलं. त्यानंतर घरानं असलं सगळं सोडून दिलं, चांगलंच केलं, आणि पुढचं अर्धं कुणी शिकवलं नाही. तिनं निपाणीतल्या ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्यांना फोन लावले. एकीला देणंच ठाऊक नव्हतं. एक हसली आणि आईला म्हणाली, "सुले, तू गं असं इचारतीस?"

"तुझा भाऊ जगला का?" मी आईला विचारलं.

"जगला की. खरं आईजवळ कधी ऱ्हायला न्हाय."

यशो खिडकीबाहेर बघत होती. "जगला न्हवं," ती म्हणाली.

सोडायचा दिवस उजाडला तो लख्ख उन्हाचा. बुद्धप्रिय आदल्या दिवशीच निपाणीला गेला होता, घराला माळा लावायला. त्यानं गल्लीला जिलेबी सांगितली होती. मंगल सिस्टर पोराला टोपडं घालून दारापर्यंत पोचवायला आल्या. आई पुढच्या सीटवर पिशव्या घेऊन बसली. यशो मागं बसली आणि सिस्टरनी बाळ तिच्या मांडीवर दिलं.

त्याचे ओठ निळे पडायला लागले.

"आत घ्या परत, आत घ्या," मी म्हटलं.

"थांबा वन्सं."

यशोनं बाळाला सीटच्या मधोमध रगाच्या घडीवर ठेवलं. स्वतः सरकून खिडकीशी बसली. पलीकडचं दार हात लांब करून उघडलं. मी तिला कधी अशी बघितली नव्हती. डोळे कोरडे, पदर डोक्यावर घेतलेला, जणू घरी पाहुणी आलीय.

"आक्का," ती उघड्या दाराकडं बघून म्हणाली, "तुम्हीबी चला. आमच्यातच ऱ्हावा. मला आई म्हणू दे न्हायतर न्हाय म्हणू दे. खरं त्याला जगवा."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. कुणी आत बसेपर्यंत थांबावं तशी यशोनं वाट बघितली, मग दार ओढून घेतलं.

बाळाच्या ओठांवर रंग आला. ते जांभई देऊन झोपलं.

मी गाडी चालू केली आणि फाटकाबाहेर काढली. डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकायला लागला, टिंग टिंग वाजत. म्हणजे मागच्या मधल्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही. तो दिवा सीटवरच्या वजनानं लागतो, आणि दोन किलोच्या बाळानं लागत नाही, एवढं फिजिक्स मला येतं.

मागची सीट दिसणार नाही असा मी आरसा वर फिरवला.

"आक्का," यशो हळूच म्हणाली, "पट्टा लावा."

तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. मागं खट्‌ असा आवाज झाला आणि दिवा विझला.