कनेक्शन बंद करायचं आहे

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या पेजवर कित्येक अनुभवांखाली "पुरावा दाखवा" असं खोचकपणे मीच लिहिलंय. आज स्वतः लिहायला बसलोय, तर माझी मलाच लाज वाटतेय.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलंय आणि शेवटी मी स्वतः तिथे हजर होतो.

यात रात्र नाही, स्मशान नाही. सगळं भरदुपारी घडलं. सतरा मार्च, शुक्रवार, दुपारचे तीन. जागा म्हणजे ताईच्या जुन्या घराबाहेरचा जिना, दुसरा मजला.

ताई दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवत तासन् तास मान खाली घालून बसते. तिच्याइतका धीर मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रकरणात तिचाही धीर सुटला.

आई चार वर्षं तिच्याकडे होती. शेवटचे सात महिने तर अंथरुणालाच खिळलेली. ताईने लॅबमधून बिनपगारी रजा घेतली आणि ती घरी बसली. घरातला फोन आईसाठीच होता, तिला मोबाइल जमायचा नाही. त्याच लाइनवर ताईने इंटरनेटही घेतलेलं. डिसेंबरच्या सुरुवातीला आई गेली. जानेवारीत ताईने ते घर सोडलं आणि लॅबजवळ एक लहानशी जागा घेतली.

नव्या जागेत या कंपनीची लाइन पोचत नव्हती. करार दोन वर्षांचा, त्यातले आठ महिने बाकी. पण करारात स्पष्ट लिहिलं होतं की जिथे सेवा नाही अशा ठिकाणी ग्राहक राहायला गेला, तर मुदतीआधी कनेक्शन बंद करता येईल. म्हणजे साधं काम. एक फोन करायचा आणि मोकळं व्हायचं.

तेवीस जानेवारीला ताईने तो फोन केला.

चाळीस मिनिटं तेच ते संगीत ऐकलं. मग एका मुलीने आईची जन्मतारीख विचारली, पडताळणीसाठी ताईने तोच प्रश्न ठेवला होता. विनंती नोंदवली, दहा दिवसांत कनेक्शन बंद होईल म्हणाली.

दहाव्या दिवशी मेसेज आला.

"आपल्या सूचनेनुसार बंद करण्याची विनंती रद्द केली आहे. आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद."

ताईने पुन्हा फोन लावला. पुन्हा संगीत. या वेळी एक मुलगा होता. तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच फोन करून रद्द केलंत. ताई म्हणाली, मी केला नाही. तो म्हणाला, नोंद आहे. ताईने पुन्हा विनंती नोंदवली.

पुन्हा तोच मेसेज.

तिसऱ्यांदाही तेच झालं. आता ताई रोज जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या पायरीवर बसून कंपनीशी भांडायची. संध्याकाळी मला फोन करून सगळं पहिल्यापासून सांगायची. शेवटी मी म्हटलं, दे इकडे, मी बघतो. मला वाटलं, बाईमाणूस बघून टोलवतायत. एकदा आवाज चढवला की सुतासारखे सरळ होतील.

मला त्यांनी पाच जणांकडे फिरवलं.

त्यातला शेवटचा साहेब होता. तो मात्र शांतपणे बोलला. म्हणाला, "सर, मॅडम त्यांच्या घरच्याच फोनवरून आम्हाला कॉल करतात. याच कनेक्शनवरून."

मी म्हटलं, शक्य नाही. तो फोन वायर गुंडाळून ताईच्या नव्या घरात खोक्यात पडलाय. तुमचा इंटरनेटचा डबाही त्याच खोक्यात आहे. घराला कुलूप आहे आणि किल्ली मालकांकडे.

तो म्हणाला, "वेळही एकच असते, सर. दरवेळी... दुपारी तीन वाजून दहा मिनिटं."

मी घरमालकांना फोन केला. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, तळमजल्यावर राहणारे, अतिशय सरळ गृहस्थ. ते म्हणाले की घर बंदच आहे, अजून भाडेकरू मिळालेला नाही, वीजसुद्धा तोडून ठेवलीय.

मग वायरीवर कोणीतरी बाहेरून जोडणी केली असणार, असं मी ठरवून टाकलं. चोरून फोन वापरणारा कोणीतरी. पण असला चोर आईची जन्मतारीख कशी सांगेल?

आणि कनेक्शन चालू ठेवा म्हणून कंपनीला कशाला विनवेल?

नऊ मार्चला चौथी विनंती रद्द झाली. तेव्हा आम्ही दोघं सरळ त्यांच्या ऑफिसात जाऊन धडकलो. टोकन घेतलं, दोन तास बसलो. काउंटरवरच्या बाईंनी तक्रारींची यादी बघून कपाळाला हात लावला. माझ्यातला सगळा राग तोवर उकळून वर आला होता. मी म्हटलं, आम्हाला तो कॉल ऐकवा. तुम्ही म्हणता ना, प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. ऐकवा.

नियमात बसत नव्हतं. त्या वैतागल्या होत्या म्हणून असेल, पण त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटरचा आवाज वाढवला.

आधी कंपनीचा मुलगा बोलला. नमस्कार वगैरे. जन्मतारीख विचारली.

मग...

ताईचा आवाज आला.

तिच्यासारखा नाही. तिचाच. तारीख सांगताना ती जरा थबकते, तशीच थबकली. म्हणाली, "बंद करू नका. मी इथेच आहे अजून."

मुलगा म्हणाला, मॅडम, नीट ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला.

"मोठ्याने नाही बोलता येणार," ती कुजबुजली. "आईला आत्ताच झोप लागलीय."

आणि मागे... कोणीतरी खोकलं.

तो खोकला मी ओळखला. ताईने तर ओळखलाच.

आईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

काउंटरवरच्या बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या ताईकडे बघून म्हणाल्या, मॅडम, आवाज तर तुमचाच आहे. ताईने मान हलवली. म्हणाली, "शेवटच्या महिन्यांत मी अशीच बोलायचे. आई दुपारी तीनला कशीबशी डोळे मिटायची. पण आता नाही बोलत मी अशी." आणि खुर्चीवर बसून राहिली. पुढचं सगळं मीच बोललो. पुन्हा विनंती नोंदवा आणि या वेळी माणूस पाठवा, म्हटलं. आमच्या डोळ्यांदेखत वायर तोडा.

शुक्रवारी लाइनमन आला.

पन्नाशीचा, बोलघेवडा माणूस. जिना चढेपर्यंत त्याने आपल्या गुडघ्यांची सगळी कहाणी सांगितली. मालकांनी कुलूप उघडलं. घर रिकामं होतं. फरशीवर धूळ, आणि धुळीवर आमच्याशिवाय कोणाची पावलं नव्हती. आईच्या खोलीत पंखासुद्धा नव्हता, मालकांनी तो दुरुस्तीला दिला होता. भिंतीवर फोनची खोबण होती, तिच्यात काही जोडलेलं नव्हतं.

मला जरा हायसं वाटलं. आम्ही दार उघडंच ठेवलं आणि बाहेर जिन्यात आलो. वायरींचा डबा तिथेच होता.

लाइनमनने डबा उघडला, आमच्या वायरींची जोडी शोधली आणि आपला तपासणीचा फोन तिला लावून कानाशी धरला.

त्याचं बोलणं थांबलं.

त्याने उघड्या दारातून आत पाहिलं. मग आमच्याकडे. म्हणाला, "आत कोण बोलतंय फोनवर?"



मी त्याच्या हातातून फोन घेतला. आधी काहीच ऐकू येईना. मग...

पंख्याची टकटक.

आईच्या खोलीतला पंखा फिरताना दर फेऱ्याला एक ठेच खायचा. तोच ठेका. आणि जवळच कोणीतरी श्वास घेत होतं. मला समोर ती रिकामी खोली दिसत होती, आणि कानात ती भरलेली ऐकू येत होती.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं.

ताईने हात पुढे केला. मी नको म्हणत होतो. तिने फोन घेतलाच.

ती बराच वेळ ऐकत राहिली. भिंतीकडे तोंड करून, खांदा टेकवून. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मग तिने एकच प्रश्न विचारला. अगदी हळू, त्या रेकॉर्डिंगमधल्यासारख्याच आवाजात.

"झोपली का गं ती?"

पलीकडून काय उत्तर आलं, मला माहीत नाही. ताईने मान डोलावली. म्हणाली, "मग तूही झोप आता."

तिने फोन लाइनमनच्या हातात दिला, डोळे पुसले आणि म्हणाली, "तोडा."

त्याने वायर कापली. दोन्ही टोकं वळवून वेगळी केली. मग पायऱ्या उतरून तो जो गेला, तो सहीसुद्धा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला, कनेक्शन बंद झालंय. पाचवी विनंती कोणी रद्द केली नाही. ताई आता बरी आहे. पलीकडून काय उत्तर आलं, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

एप्रिलमध्ये कंपनीने शेवटचा हिशेब पाठवला. ताईने न उघडताच तो माझ्याकडे दिला, म्हणाली, तूच बघ. मी चूक शोधायच्या तयारीनेच बसलो. दंड लावला असेल, तर पुन्हा भांडायचं होतं. दंड नव्हता. सोबत फेब्रुवारी आणि मार्चमधल्या कॉल्सची यादी होती. कंपनीला केलेले ते दुपारचे कॉल, एकाखाली एक.

आणि सगळ्यात खाली आणखी एक.

अठरा मार्च, शनिवार. वायर कापल्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

तो कॉल कंपनीला नव्हता. माझ्या मोबाइलवर होता.

माझ्या फोनमध्ये त्याची नोंद नाही. त्या दुपारी मी माझ्या दुकानात होतो, फोन समोर टेबलावर होता. तो वाजला नाही, शपथेवर सांगतो.

खरं सांगायचं तर आईचा फोन आला की मी म्हणायचो, कामात आहे, नंतर करतो. चार वर्षांत मी तिच्याशी सलग दोन मिनिटं बोललो असेन की नाही, शंकाच आहे. ती बिचारी "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायची.

यादीत त्या कॉलचा कालावधीही लिहिलाय.

एकेचाळीस मिनिटं.

म्हणजे इकडून कोणीतरी तो उचलला. माझ्या नंबरवर, कदाचित माझ्याच आवाजात, कोणीतरी तिच्याशी एकेचाळीस मिनिटं बोललं.

कंपनीकडे मागितलं, तरी हे रेकॉर्डिंग मिळणार नाही, ते फक्त त्यांच्याकडे आलेलेच कॉल ठेवतात. मी चौकशी केली नाही, असं नाही. एकदा फोन लावला होता. ते संगीत सुरू झालं, आणि माझा नंबर यायच्या आत मीच ठेवून दिला.