कधी येता राहायला?

"सात नंबरात कोणी तरी राहून राहिलं म्हणते, अन् ते रोज संध्याकाळी..."

आमचा वॉचमन देवमन दूधवाल्याला एवढंच सांगत होता. मी जिन्यावरून उतरताना दिसले आणि त्याचं तोंड मिटलं. काय रे, कोणाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, काही नाही ताई, गाईची गोष्ट चालली होती. गाय सात नंबरात राहते काय रे, म्हटलं, तर दूधवाला हसला. देवमन नाही हसला.

मला अर्धी गोष्ट पचत नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात सात नंबर म्हणजे माझ्या दारासमोरचं दार.

अमरावतीत कठोरा नाक्याच्या पलीकडे आमची ही बिल्डिंग. आधी इथं सरकीचं गोदाम होतं म्हणतात. आमच्यासारखे थोडे घरमालक सोडले, तर बाकीची घरं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीकडे आहेत. सात नंबर त्यांनी मुद्दाम रिकामं ठेवलं होतं, गिऱ्हाईकाला घर कसं दाखवायचं ते नव्या पोरापोरींना शिकवायला. शिकवणारी प्रणाली. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडची टीम तिच्या हाताखाली. आवाज असा मऊ, की ती रागावली तरी समोरच्याला वाटावं, चहा विचारून राहिली.

तिची शिकवायची रीत न्यारीच होती. हॉलमध्ये एक रिकामी खुर्ची ठेवायची. शिकणाऱ्यानं त्या खुर्चीलाच गिऱ्हाईक समजायचं. आधी बाहेर येऊन बेल वाजवायची, घर रिकामं असलं तरी. जरा थांबायचं, मग कुलूप काढायचं. दारातल्या चपला बाजूला सारून येणाऱ्याच्या चपलांना जागा करायची. "या काकू" म्हणत आपण बाजूला व्हायचं आणि गिऱ्हाईकाला आधी आत जाऊ द्यायचं. मग हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली. घरात अजून कोणी राहत असेल तर आवाज खाली ठेवायचा, बोट दाखवायचं नाही, फक्त सांगायचं, "या लवकरच सोडणार आहेत." आणि काही झालं तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय परतायचं नाही.

"मग, कधी येता राहायला?"

मी आपल्या दारात डाळ निवडत बसायची आणि हे सगळं ऐकायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. उत्तमराव, म्हणजे आमचे हे, म्हणायचे, तू पण लाग कंपनीत. एक पोरगी शिकून गेली की दुसरी यायची. कोणी नसलेल्या खोलीला रोज कोणी तरी गोड आवाजात बोलवायचं, बसा म्हणायचं, कधी येता विचारायचं. तेव्हा मला त्याचं हसूच यायचं.

उन्हाळ्यात मैथिली आली. बार्शीटाकळीची. वडील शाळेत मास्तर होते, आता अर्धांगानं अंथरुणावर. आई एकटी सगळं करणारी. कंपनीची नवी बिल्डिंग अकोल्यात उघडणार होती. शेवटची चाचणी पास झाली तर मैथिलीला तिथं जागा मिळणार होती आणि रोज संध्याकाळी घरी जाता येणार होतं. नापास झाली तर नोकरीच संपली. पोरगी हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली. लोक मला सांगतात, मी काय करू.

चाचणीच्या दिवशी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. पाणी दिलं तर गिलास नुसताच हातात धरून राहिली.

"काहून वं, काय झालं?"

"काकू, मी खुर्चीशी बोलते ना, तर आतल्या खोलीतून कोणी तरी माह्यासोबतच बोलते. हळू हळू. जसं... पाठ करून राहिलं."

म्हटलं, भिंती पातळ आहेत, वरच्या घरचा टीव्ही असेल. तिनं मान हलवली. वरचं घर बंद आहे, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला देवमनचं अर्धं वाक्य आठवलं.

प्रणाली त्या दिवशी अकोल्याला होती. ती फोनवरून ऐकणार होती आणि मैथिलीनं फोन हातात धरून घर दाखवायचं होतं. मी म्हटलं, चल, आज खुर्ची नको, मी होते तुझी गिऱ्हाईक. पोरीची दया आली हे खरं. आणि आतून ते घर एकदा नीट पाहायचं होतं, हेही खरंच.

दिवेलागणीची वेळ होती. दिवसभराच्या उन्हानं जिन्याचा कठडा अजून तापलेला. मैथिलीनं फोन स्पीकरवर लावला, "मॅडम, सुरू करते" म्हणाली आणि बेल वाजवली. आत बेल वाजली, विरली. आम्ही थांबलो. मग तिनं कुलूप काढलं आणि बाजूला झाली.

"या काकू."

बंद घराचा वास असतो, रंगाचा, धुळीचा. तो होताच. पण त्याच्या खालून दुसरा एक वास येत होता, ओल्या सरकीचा. आणि घर थंड होतं. वैशाखात, कूलर नाही, पंखा नाही, तरी फरशी पायाला ओली लागावी तशी थंड.

मैथिलीनं खिडक्या उघडल्या, दिवे लावले. हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं. आवाज कापत होता, पण पोरगी चुकत नव्हती. मी पण मुद्दाम विचारलं, भांडी ठेवायला जागा कुठं, दुपारचं ऊन कुठून येतं. फोनमधून प्रणाली मधूनमधून "हं" म्हणत होती. त्या "हं"चा मोठा आधार वाटत होता.

मग आम्ही झोपायच्या खोलीत आलो. तिथला दिवा लागला नाही. समोर बाथरूमचं दार अर्धवट उघडं, आत काळोख. मैथिली दारापाशी थबकली आणि तिला पुढचं आठवेना. मला ऐकू येत होता तिचा श्वास. फोनमधून आवाज आला, "पुढे?"

तेव्हा बाथरूमच्या काळोखातून कोणी तरी मऊ आवाजात सांगितलं,

"पाणी दोन्ही वेळ येते, काकू. टाकी वेगळी आहे."

बाईचा आवाज म्हणावा तर बाईचा, नाही म्हणावं तर नाही. बोलणं मात्र हुबेहूब प्रणालीचं. थांबायचं तिथं थांबणं, "काकू" म्हणताना खाली येणं, सगळं तसंच.

"बरोबर," फोनमधली प्रणाली म्हणाली. "आता शेवट कर."

मैथिलीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. तिला पळायचं होतं. मलाही. पण शेवटचा प्रश्न न विचारता पळाली असती तर तिची अकोल्याची जागा गेली असती, आणि ते तिला त्या भीतीतही कळत होतं. तिनं ओठ उघडले. आवाज निघेना. पुन्हा उघडले...

बाथरूमचं दार आतून हळूच आणखी थोडं उघडलं.

"मग, कधी येता राहायला?"

प्रश्न मला होता. गिऱ्हाईक मी होते. उत्तर दिल्याशिवाय हे संपायचं नाही, असं मला का वाटलं कोण जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं,

"नाही माय, माहं घर आहे ना. हे काय, समोरच. भरलं घर आहे."

आत कोणी तरी "हं" म्हणालं.

"छान," फोनमधून प्रणाली म्हणाली. "शेवटचा प्रश्न तर माझ्यापेक्षा चांगला विचारलास, मैथिली. पास."

आम्ही जिन्यावर कशा आलो ते मला आठवत नाही. मैथिली रडत होती आणि हसतही होती. तिनं नंतर प्रणालीला खरं काय ते सांगून पाहिलं. प्रणाली म्हणाली, चाचणीच्या भीतीनं असं सगळ्यांनाच होतं. मैथिली अकोल्याला गेली. रोज संध्याकाळी वडिलांना भरवते. फोन करते मला, पण सात नंबरचं नाव काढत नाही.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं सात नंबर भाड्यानं दिलं. तेल्हाऱ्याचं कुटुंब आलं, लेकराबाळांसकट. मी जाऊन बसून आले, वास घेतला, बाथरूम पाहिलं. काही नाही. लेकरं गाढ झोपतात म्हणे.

मग मी देवमनला गाठलं. आता सांग, म्हटलं, तुझं ते अर्धं वाक्य. तो आधी वळवळला, मग म्हणाला,

"कोणी तरी राहून राहिलं, अन् ते रोज संध्याकाळी कोणाची तरी वाट पाहते. असं ऐकलं होतं, ताई. खोटं निघालं, नाही का?"

मी हो म्हटलं. काय सांगणार. वाट पाहत होतं, ते खरं आहे. पण राहायला आलं नव्हतं. ते शिकायला आलं होतं.

हे मला कळलं ते मागच्या आठवड्यात. उत्तमराव भातकुलीच्या शेतावर गेले होते. संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि आमची बेल वाजली. हात धुऊन निघणार, तोच हॉलमध्ये कोणी तरी म्हणालं, "या." दाराला आतून कडी होती. मी स्वतः लावलेली. ओल्या सरकीचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. मऊ आवाजात कोणी तरी कोणाला तरी माझा हॉल दाखवत होतं. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो. मग तो आवाज माझ्या पाठीशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. मी वळले नाही. हात परातीतच राहिले.

आवाज अगदी खाली आला. कोणाला त्रास होऊ नये तसा.

"या लवकरच सोडणार आहेत."

पुढचा प्रश्न मला माहीत होता. त्याचं उत्तर ऐकू येऊ नये म्हणून मी नळ पूर्ण सोडला आणि नळाखालची बादली भरून वाहू लागली तरी तशीच उभी राहिले.

त्यानंतर बेल वाजली नाही. उत्तमराव म्हणतात, उन्हाचं आहे. असेल. फक्त रोज सकाळी दार उघडते, तर माझ्या चपला मी ठेवल्या तिथं नसतात. त्या कोपऱ्यात नीट सारून ठेवलेल्या असतात, आणि शेजारी एका जोडीपुरती जागा मोकळी असते.