घोट्यातला खड्डा

कृत्तिकाच्या पायावरची जखम दिवाळीआधीच भरली होती. घोट्याच्या आत मात्र काहीच भरत नव्हतं. शाळेमागची दरड शाळेवर कोसळली, त्याला वर्ष होत आलं होतं, तरी पाऊल टाकलं की आत कुणी खिळा ठोकतंय असं वाटे.

कातडी सांधते, मोडलेलं हाडही जुळतं, मग हेच का नाही? या कोड्याचं उत्तर तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचे आजोबा, आबा, पेशींच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. शस्त्रक्रियेची वेळ ठरवून ते आले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला नाही करायची."

"भीती वाटते?"

"नाही. हे असंच राहायला हवं." ती भिंतीवर बोट फिरवत म्हणाली, "दरड आली तेव्हा वर्गात झीनतने माझा हात धरला होता. मी तो सोडवून पळाले. ती आतच गाडली गेली. म्हणून पाय बरा होत नाही."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी समजूत घातली नाही. खिशातलं यंत्र सुरू केलं, तसं तिच्या घोट्याचं चित्र पलंगाजवळ हवेत उभं राहिलं.

"हाडाच्या टोकावरचा हा पांढरा, गुळगुळीत थर म्हणजे कूर्चा (हाडावर हाड घासू नये म्हणून असलेलं आवरण). तू पडलीस तेव्हा तिचा टवका उडाला. हा बघ खड्डा. आता सांग, बोट कापलं की आधी काय येतं?"

"रक्त."

"दुरुस्तीचं सगळं सामान त्यातूनच येतं. या थरात मला एक रक्तवाहिनी दाखव."

तिने चित्र फिरवून फिरवून पाहिलं. हाडातलं लाल जाळं पांढऱ्या थरापाशी येऊन संपत होतं.

"एकही नाही."

"माझ्याही घोट्यात नाही. झीनतच्याही नव्हती. तू काय केलंस ते घोट्याला ठाऊक नसतं, बाळा."

"पण मी हात सोडवला."

"हो," आबा म्हणाले. "त्यावर माझ्याकडे औषध नाही. खड्ड्यावर आहे."

ती खूप वेळ रडली. मग हो म्हणाली.

नाकाच्या आतल्या पडद्यातही कूर्चा असते. तिथला तांदळाएवढा तुकडा काढून प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवल्या, त्यांची मऊ चकती तयार झाली. शस्त्रक्रियेच्या दिवशी यंत्रमानवाचे सुईसारखे हात घोट्यात शिरले. त्यांनी खड्ड्याच्या फाटक्या कडा साफ केल्या आणि तळाच्या हाडाला बारीक छिद्रं पाडली. त्यांतून रक्त आणि मूलपेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा पेशी) वर झिरपल्या. त्यावर चकती बसवली.

"पूर्वी नुसतीच छिद्रं पाडायचे," आबांनी नंतर सांगितलं. "त्यातून उगवणारा थर राठ असे, लवकर झिजे."

पुढचे आठवडे वाईट गेले. पाय टेकवायचा नाही, पण यंत्राने तो हळूहळू हलवत राहायचा.

"दुखतं, आबा! बंद करा ना!"

"रक्त नाही म्हणजे कूर्चेला अन्न कुठून मिळणार? सांध्यात एक द्रव असतो. हालचाल झाली की स्पंजात पाणी शिरावं तसा तो कूर्चेत शिरतो. थांबलो तर चकती उपाशी मरेल."

तिने दात आवळले. यंत्र चालू राहिलं.

पावसाळा सरताना नव्या चित्रात खड्ड्याच्या जागी फिकट थर दिसला. पेशी जिवंत होत्या.

"मला पळता येईल?"

"चालशील. पळण्याचं वचन मी देत नाही. थर पक्का व्हायला अजून वर्ष लागेल."

कृत्तिका काठी टेकत पहिल्यांदा गल्लीबाहेर गेली, ती झीनतच्या घरी. दारातच, उभ्यानेच, तिने सगळं सांगितलं. झीनतची अम्मी ते ऐकून आत गेली. कृत्तिकाला वाटलं, आता दार लागणार.

अम्मी स्टूल घेऊन बाहेर आली.

"बस. पाय वर घे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि सांग, त्या दिवशी शाळेत ती काय काय बोलत होती?"