गोळीचा गुण

ती रुग्णालयात कामावर आली, तेव्हा लिफ्टसमोर एक तरुण बोट उचलून नुसताच उभा होता. बटण दाबेना, बाजूलाही होईना. तिला वाटलं, हा मुद्दाम घुटमळतोय.

"कोणता मजला?" तिने जरा तोऱ्यातच विचारलं.

"तिसरा. मला माहीत आहे हो… बोटाला पटत नाहीये."

ती चांगलीच ओशाळली. तिसऱ्या मजल्यावर तर तिचंच काम चालायचं. मेंदूच्या झटक्यानंतर काहींच्या हातात ताकद असते, पण हालचालीची जुळणीच सुचत नाही. नैराश्यावरचं औषध दिलं तर असा हात सावरतो का, याचं ते संशोधन. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कोणाला कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि हात तपासणाऱ्या तिलाही नाही.

तो केकवर नक्षी काढणारा कारागीर. दर बुधवारी आत्याबरोबर यायचा. 'केस विंचरून दाखवा' म्हटलं की कंगवा कानाला लावायचा आणि स्वतःच हसत सुटायचा. तीही हसायची, आणि वेळ मोजायचं हातातलं घड्याळ थांबवायला विसरायची.

हळूहळू त्याचा हात वळणावर आला… तिची मात्र मंगळवारची झोप उडाली. याचं ते हसू, ते बघणं गोळीने आणलेलं असेल तर? उद्या गोळी बंद झाली की सगळंच बंद? आणि नसेल तर… नसेल तर काय करायचं, हे तिला त्याहून कळत नव्हतं. विचारायचं तरी कोणाला!

एका बुधवारी आत्याला बाहेर बसवून तो एकटाच आत आला.

"एक सांगायचंय. आठवडाभर गोळी घेतलेली नाही."

तिने घड्याळ खाली ठेवलं. "असं मनाने बंद करतात का?"

"आत्या म्हणते, मी हल्ली उगाच खुशीत असतो. म्हटलं, बघू या… गोळीशिवाय तुम्ही आवडता का."

"मग?" विचारू नये ते ती विचारून बसली.

"जास्तच आवडता."

तिचे कान गरम झाले. तिने खुर्ची उगाच मागे सरकवली.

"त्याने काहीच सिद्ध होत नाही. औषध खरं असेल, तर त्याचा अंमल एवढ्यात उतरत नाही. आणि हे मला वर कळवावं लागेल. यापुढे तुमचा हात दुसरं कोणीतरी तपासेल."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "रागावलात?"

"गोळी बंद केलीत म्हणून रागावलेच आहे. पण हात दुसऱ्याकडे देतेय तो त्यासाठी नाही. तपासणाऱ्याचं मन कोणाकडे झुकलेलं चालत नाही."

तो बावचळून तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे… तुमचं—"

"झुकलंय," ती म्हणाली. "आणि मी तर कुठलीच गोळी घेत नाही. आता याचा दोष कोणाला द्यायचा, ते तुम्हीच सांगा."