बर्फखोलीची तालीम

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मागाहून कुणाला हसू फुटायचं नाही. आपला सलूनवाला तुम्हाला ठाऊक आहे. कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालते. पण ही हकिकत सांगताना तो मध्येच तीनदा गप्प झाला, म्हणून मी ती खरी मानतो.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी सहाला तो रंगाची पेटी घेऊन बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याकडे निघाला. तिथं नाटक बसत होतं. नाटकाला लेखक नव्हता. कारखान्यातल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या कामाच्या आठवणी सांगायच्या आणि ज्याची आठवण त्यानंच ती करून दाखवायची, सांगितली तशी, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. मेलेल्यांचं काम कुणीच करायचं नाही, त्यांची जागा रिकामी ठेवायची. सलूनवाल्याकडे मिशा चिकटवायचं आणि पिकलेले केस काळे करायचं खातं होतं.

हे सगळं जमवलं होतं एका शिक्षिकेनं. सगळे तिला ताई म्हणत. तिचे वडील याच कारखान्याच्या बर्फखोलीत गोठून गेले होते. रात्री नऊला दार लागलं, ते सकाळी सहाला उघडलं. याला सव्वीस वर्षं झाली. दारू पिऊन आत लवंडला होता, असं सगळीकडे झालं. हे पसरवलं कुणी? मुकादमानं. दार लावणारा तोच होता.

बर्फखोलीला आतून कडी नव्हती. म्हणून तिथं एक शिस्त होती. दार लावणाऱ्यानं आधी दारावर तीन थापा मारायच्या, "आत कोण?" म्हणून ओरडायचं, दहापर्यंत मोजायचं आणि मगच बाहेरून खटका पाडायचा. मुकादम छातीठोकपणे सांगायचा, मी हाक मारली, मोजलं, आतून हूं की चूं आलं नाही.

नवऱ्यानं दारूला कधी हात लावला नाही, हे ताईची आई मरेपर्यंत लोकांना सांगत राहिली. कुणी ऐकून घेतलं नाही. ताईनं मुकादमाची आठवण दातओठ खात लिहून घेतली.

"काका, हे तुम्हीच बोला. चारचौघांसमोर बोला," ती म्हणाली.

"बोलीन की! मी काय कुणाच्या बापाला भितो?" मुकादम तिच्या तोंडावर म्हणाला. असा माणूस.

साडेआठला तालीम सुरू झाली. एक एक म्हातारा उठला, आपली आठवण करून बसला. मग मुकादमाची पाळी आली. तो ऐटीत बर्फखोलीच्या दाराशी गेला. थाप, थाप, थाप.

"आत कोण?"

मोजू लागला. एक... दोन... तीन...

चारला आतून थाप आली.

मग दुसरी. मग तिसरी.

"कोण आहे रे आत?" ताई कडाडली. "माझ्या तालमीत असली थट्टा चालायची नाही!"

सलूनवाल्यानं माणसं मोजली. सगळी बाहेर होती.

"घूस असेल," मुकादम म्हणाला. तीन मोजून थांबणारी घूस कुणी पाहिली नव्हती.

"पुन्हा करा," ताई म्हणाली.

"आता राहू दे. उद्या..."

"काका, पुन्हा."

त्यानं थापा मारल्या. हलक्या.

"आत... कोण?"

आतून आवाज आला. घोगरा. अगदी जवळून.

"आज विचारतोस?"

ताईचा हात तोंडावर गेला. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आवाज तिनं ओळखला.

"काका... त्या रात्री हाक मारली होती का?"

"मारली होती! शंभरदा सांगू? दारुड्याची पोर तू, मला विचारतेस?" मुकादम पेटला होता. "थांब, दाखवतोच आत कोण नाटकं करतोय ते!"

त्यानं दार ओढलं. आत गेला.

दार लागलं. कुणी हात लावला नव्हता.

खटका पडला.

सगळे धावले. ओढलं. ढिम्म हललं नाही. आत हाक नाही, ओरडणं नाही... काही नाही. ताईनंच मग थापा मारल्या. तीन. "आत कोण?" म्हणाली आणि रडत रडत मोजू लागली.

ती दहा म्हणाली, तसा खटका आपोआप उचलला गेला.

सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. आत धूळ, जळमटं, कोंदट उकाडा. वीज तोडून वीस वर्षं झाली होती. मुकादम कोपऱ्यात मुटकुळं करून बसला होता. ओठ निळे. दात वाजत होते.

"नाही मारली," तो म्हणाला. "घरी जायची घाई होती... नाही मारली हाक. प्यायलेला नव्हता तो. शुद्धीत होता."

दहा माणसांनी ऐकलं. ताई तिथंच जमिनीवर बसली आणि आईच्या नावानं हंबरडा फोडून रडली.

सलूनवाल्यानं पाणी पाजायला मुकादमाची हनुवटी धरली, आणि त्याचा हात थबकला. मला सांगताना तो इथंच तिसऱ्यांदा गप्प झाला.

"साडेसातला मीच दाढी केली होती त्याची," मग म्हणाला. "उलटा वस्तरा फिरवून, गुळगुळीत. आणि हाताला खुंट टोचत होते... रात्रभर वाढलेले."