आमच्या आधी येऊन गेलेला

मी नऊ वर्षं आशा सेविका म्हणून काम करते. आंबेखोर आणि त्याचे चार पाडे मिळून अठ्ठेचाळीस घरं. कोणत्या घरात किती माणसं, कुणाला दिवस गेलेत, कोण वीटभट्टीवर गेलंय, हे मला वही न उघडता सांगता येतं. मोजण्यात माझी चूक होत नाही. माझं कामच ते आहे.

आमचं गाव शेणव्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. समाजमंदिर म्हणून एक पत्र्याची शेड होती. गेल्या जुलैत तिथे लसीकरण चालू असताना वाऱ्यानं पत्रे उचलले आणि वासा खाली आला. तो लेकीला लस द्यायला आलेल्या आमच्या गावातल्या रुपाच्या खांद्यावर पडला. कडेवरच्या लेकीला तिनं पोटाशी धरलं म्हणून लेक वाचली. रुपाचा उजवा हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नाही. नवं सभागृह मंजूर झालं, पण मिळालेल्या पैशात भिंतीच उभ्या राहणार होत्या. छपराची वर्गणी गावानं काढायची आणि पाऊस लागायच्या आत छप्पर चढवायचं, असं ठरलं.

वर्गणीला आम्ही तिघं निघालो. मी, रुपा आणि जगदीश. जगदीश आटगावच्या एका गोदामात कामाला आहे, त्याला रविवारची सुट्टी. म्हणून रविवार. सकाळी भाकरी बांधून निघायचं, दोन पाडे करायचे, उन्हं उतरताना परतायचं. फेब्रुवारीतच ऊन डोक्यात जायला लागलं होतं. लोक वाईट नव्हते, पण द्यायला हातात काही नसायचं. पुढच्या रविवारी या, म्हणायचे. आम्ही जायचो. तिसऱ्या रविवारपर्यंत आमचं एकमेकांशी बोलणंही कमी झालं होतं. बोलायलाही जोर लागतो.

त्या रविवारी आम्ही वरच्या पाड्यात बारकीच्या घरी गेलो. बारकी साठीची, घरात मुलगा, सून आणि एक नात. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, तुमचा माणूस तर कालच येऊन गेला.

जगदीश पाणी प्यायचा थांबला. आमच्या नावावर कुणी पैसे गोळा करतंय, हेच आम्हा तिघांच्या मनात आलं. पण त्यानं पैसे मागितले नव्हते. घरात किती माणसं, एवढंच विचारलं होतं.

"मी सांगितलं चार," बारकी म्हणाली. "त्यानं पाच लिवलं. मी बोलले, आमी चारच हाव रे. तर बोलला, असू दे. जागा तर लागंलच."

कोण होता, असं मी विचारलं. बारकी बराच वेळ आठवत राहिली.

"आपल्यातलाच व्हता. नाव काय तोंडात येत नाय."

दाराच्या चौकटीवर खडूनं पाचाचा आकडा काढलेला होता. पोलिओच्या वेळी आम्ही घरांवर खडूनं खुणा करतो, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. मलाही वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी खात्याचा सर्व्हे असेल. पण मी तालुक्याला विचारलं तेव्हा असा काही सर्व्हे नव्हता.

पुढच्या रविवारी कोंडूचं घर. तिथं सात माणसं, दारावर आठ. कोंडू म्हणाला, बाई आली होती. त्याची बायको म्हणाली, बाई कशाची, म्हातारा होता. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की आलेलं माणूस ओळखीचं होतं. नाव दोघांनाही सांगता आलं नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. ज्या घरांवर आकडा होता, त्या घरांनी आम्हाला रिकामं पाठवलं नाही. ज्यांनी दोनदा परत पाठवलं होतं, त्यांनीही दिलं. कुरकुर न करता, आपल्या माणसासाठी द्यावं तसं दिलं. आम्हाला ते विचित्र वाटलं असणार. पण पायांची आग होत असताना हातात पैसे पडले की माणूस जास्त विचारत नाही. आम्ही पावती फाडायचो आणि पुढच्या घराकडे निघायचो.

मार्चमध्ये मुरबाडच्या बाजूचा शेवटचा पाडा राहिला होता. तिथली सहाच्या सहा घरं दिवाळीनंतर भट्टीवर जातात, म्हातारी माणसंसुद्धा. कुणीतरी एखादं परतलं असेल म्हणून आम्ही गेलो. दुपारचे बारा वाजले होते. सगळ्या दारांना कुलपं होती. जगदीशनं एक कुलूप हलवून पाहिलं, हाताला गंज लागला.

सहाही दारांवर खडूनं एकच आकडा होता. एक.

"कुलूप हाय तर कुनाला विचारलं त्यानं?" जगदीश म्हणाला.

रुपा खाली बघत होती. मग ती वाकली आणि डाव्या हातानं अंगणाला हात लावला. अंगण शेणानं सारवलेलं होतं. चार महिने बंद असलेल्या घराचं अंगण.

"ओलं हाय," ती म्हणाली.

भाकरी आम्ही तिथं सोडल्या नाहीत. ओढ्यापर्यंत चालत आलो. तिथं रुपा म्हणाली की आता पुरे, हे थांबवू या. जगदीशनं विचारलं, मग छपराचं काय? ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या खांद्याकडे बघितलं आणि म्हणाले, छप्पर तर व्हायलाच पाहिजे. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

मेच्या मध्यावर छप्पर चढलं. एका रविवारी दुपारी गावजेवण ठेवलं. पंचायतीची माणसं नारळ फोडून, चहा घेऊन गेली. बाहेरच्या दुसऱ्या कुणाला बोलावलं नव्हतं. भट्टीवरची माणसं अजून आली नव्हती. किती पत्रावळ्या लागतील, हे मला विचारलं तेव्हा मी दोनशे दहा सांगितल्या. रुपानं वीस जास्त आणायला लावल्या.

शेवटची पंगत बसली आणि पत्रावळ्या संपल्या.

जगदीशनं केळीची पानं कापून आणली. अठ्ठावीस लागली. दारात रुपा उभी होती. कुणी दोनदा बसलं नव्हतं, हे ती शपथेवर सांगत होती.

मी मनात बेरीज केली. दोनशे दहाच्या वर अठ्ठेचाळीस. घरामागे एक. मग मी ती पुन्हा केली.

जेवून झालेले सगळे सभागृहातच भिंतींना टेकून बसले होते. शेवटची पंगत मध्ये बसली होती. मी दारात उभी राहून एका टोकापासून बघायला सुरुवात केली. एकेक चेहरा. चेहरा बघितला की नाव आठवत होतं. नाव आठवलं की घर आठवत होतं. कुणाला बाळंतपणाला मी दवाखान्यात नेलं, कुणाची साखर वाढलीय, सगळं आठवत होतं.

"सगली आपलीच हायेत ना गो?" रुपानं हळूच विचारलं.

"हो."

"मग जास्तीचं कोन?"

मी परत पहिल्यापासून बघितलं.

एकही चेहरा अनोळखी नव्हता.

बारकीच्या शेजारी तिची माणसं बसली होती. ती एकमेकांच्या पानात वाढत होती, हसत होती. ती किती होती, ते मी मोजलं नाही. मोजता आलं असतं. मला नको होतं.

भांडी घासून, फरशी धुऊन घरी यायला संध्याकाळ झाली. आमच्या घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा धोंडी आणि सासू. मूलबाळ नाही. मी चुलीपुढे बसले. धोंडी माझ्यासमोर ताटावर बसला होता. सासू पुढच्या ओटीवर होती, तिची पाठ मला दिसत होती.

"पाठचं दार लोट गो," सासूनं ओटीवरून सांगितलं. "मच्छर येतात."

हातातली पळी ठेवून मी उठणार, तोच मागं दार लोटल्याचा आवाज झाला. मग कडी पडली.

सासू तशीच बसून होती. धोंडीनं माझ्या मागं बघत घास मोडला.

"तिलाबी वाढ," तो म्हणाला. "सकालपासनं तुझ्यासंगती राबतेय."